हलवलेला डबा

टोपली कमरेला आवळली की अर्लेनला दूध दाटून यायचं. पट्टा पोटावर बसला, टोपलीची कड ओटीपोटाला टेकली आणि हात पहिल्या फांदीवर गेले, की तिकडे खाली घरात आबेलिता जागी झाली हे आधी छातीलाच कळायचं. सात महिन्यांची पोर. सासू, दोन्या ओदिली, तिला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसलेली असेल आणि पोर आजीच्या गळ्यातला क्रूस चोखत असेल. अर्लेन दोन्ही कोपरं छातीवर दाबून धरायची, ओल थांबेपर्यंत श्वास रोखायची, आणि पुन्हा तोडायला लागायची.

जानेवारीचा शेवट होता. कॉफीची शेवटची तोड चालली होती. या तोडीत निवड नसते. लाल, पिवळं, वाळून काळं पडलेलं, सगळं ओरबाडून घ्यायचं, झाडावर दाणा ठेवायचा नाही. उतार असा की एक गुडघा कायम दुमडलेला. वरून उत्तरेचा वारा, हातातली फांदी हिसकून नेणारा. बोटांवर बसलेला काळा चिकट थर साबणाने निघत नसे. पोरीला उचलायच्या आधी अर्लेन बोटं लिंबाच्या सालीने घासायची.

तीन ओळी पलीकडे तिची आई तोडत होती. सोकोरो. अठ्ठावन्न वर्षांची, लहानखुरी, पाठीत किंचित वाकलेली. दर नोव्हेंबरात निकाराग्वाहून एक पिशवी घेऊन यायची आणि फेब्रुवारीत तीच पिशवी घेऊन परत जायची. अठरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा नऊ वर्षांची अर्लेन बरोबर होती; खालच्या फांद्या तिच्या वाटणीच्या. मळा डॉन आबेल उरेन्यांचा; मानाने पुरुषाला इथे डॉन म्हणत, बाईला दोन्या. पुढे डॉन आबेलचा मुलगा माइनोर याच्याशी लग्न करून अर्लेन मजुरांच्या पत्र्याच्या चाळीतून मालकाच्या घरात गेली. मध्ये साठ पावलांचं अंगण. आई चाळीतच राहिली. बाकीच्यांच्या देखत मी एकटीच घरात जेवायला कशी बसू, असं तिचं म्हणणं.

डॉन आबेल जाऊन तीन वर्षं झाली होती, पण त्यांचे दोन नियम मळ्यावर अजून होते. पहिला, ज्या मापावर मजुरी मिळायची तो लोखंडी डबा भरल्यावर त्याला कुणी हात-पाय लावायचा नाही. दुसरा, शेवटचं झाड ज्याच्या वाट्याला येईल त्याने त्या झाडाला फडकं बांधायचं आणि त्या दुपारी घरात, टेबलापाशी, डॉन आबेलच्या खुर्चीत बसून जेवायचं. अठरा वर्षांत सोकोरोने ते झाड एकदाही आपल्याकडे येऊ दिलं नव्हतं. शेवटची ओळ आली की ती मुद्दाम मागे राहायची.

मंगळवारी सकाळी फुल्विओमामाची जीप चढण चढून आली. टपावर दोन भोंगे, चारी बाजूंना जांभळे-पांढरे झेंडे. फुल्विओ म्हणजे ओदिलीचा धाकटा भाऊ, गावात खत-औजारांचं दुकान असलेला, आणि यंदा दुसऱ्यांदा महापौरपदाला उभा. चार वर्षांपूर्वी तो एकसष्ट मतांनी पडला होता. घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं तसा तो तो आकडा घ्यायचा. एकसष्ट.

जीप लावून तो थेट ओळीत घुसला, अर्लेनपर्यंत. शहरी बूट उतारावर घसरत होते, म्हणून त्याने झाडच धरलं आणि दाणे खाली सांडले. सोकोरोने तिकडून पाहिलं, वाकून ते सांडलेले दाणे एकेक करून वेचले आणि आपल्या टोपलीत टाकले. त्याच्याकडे तिने बघितलं नाही.

बोलायचं कशाबद्दल ते अर्लेनला माहीत होतं. डिसेंबरपासून सगळ्या परगण्यात तेच बोलणं होतं. गावच्या दवाखान्यात पहाटे चारपासून नंबराची रांग लागायची, आणि हंगामात त्या रांगेत निम्मे तोडणारे. नाताळच्या आधी एक म्हातारी बाई रांगेतच भोवळ येऊन पडली. तेव्हापासून गाव दोन्हीकडून तापलं होतं. दुकानदार, शिक्षक, घरी म्हातारं माणूस असलेले म्हणत होते, सीमा बंद करा, या निकांना, निकाराग्वावाल्यांना, आवरा. मळेवाले म्हणत होते, मग तोडायला तुम्ही या. फुल्विओला दोघांची मतं हवी होती. त्याची योजना अशी: प्रत्येक तोडणाऱ्याची नगरपालिकेत नोंद, बिननोंदीचा माणूस ज्या चाळीत सापडेल त्या चाळीला कुलूप, दवाखाना त्यांच्यासाठी फक्त रविवारी दुपारी. एवढ्याने रांगवाले खूश होणार होते. पण एकसष्ट भरून निघायला आणखी मतं लागत होती, आणि ती ला लोमा वस्तीत होती. तिथे जुने निका राहत, इथले नागरिक झालेले, आणि त्यांची इथे जन्मलेली मुलं. चौपन्न मतं. त्यांनी आजवर कुणालाच एकगठ्ठा दिली नव्हती.

"एका हातात रांगवाले, दुसऱ्या हातात लोमावाले," फुल्विओ दोन्ही पंजे पुढे करून म्हणाला. "दोन्ही मुठी एकदम मिटल्या की मी आत. पण लोमावाले माझ्या तोंडून ऐकणार नाहीत. तुझ्या तोंडून ऐकतील."

ते खरं होतं. ला लोमात कुणाचाही अर्ज असो, शाळेचा, जन्माच्या दाखल्याचा, पेन्शनचा, तो अर्लेन भरून द्यायची. गेल्या वर्षी हात वर करून शपथ घेतली आणि तीही नागरिक झाली. येत्या रविवारच्या निवडणुकीतलं मत तिचं पहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला गावच्या सभागृहात सभा होती. तिने पोरीला घेऊन व्यासपीठावर यायचं, दोन मिनिटं बोलायचं. मी नियमाने आले, नियमाने राहिले, बाकीच्यांनीही नियमाने यावं. बास. आणि महापौर झाल्यावर पहिल्या आठवड्यात तो सोकोरोसाठी नगरपालिकेचं पत्र देणार होता. ही बाई इथे राहते, इथे काम करते, एवढंच लिहिलेलं. त्या पत्रावर दोन वर्षांपूर्वी मुदत संपलेला तिचा परवाना पुन्हा मिळाला असता.

मग त्याने आवाज उतरवला. तोपर्यंत मात्र ती इथे दिसता कामा नये. विरोधकांची माणसं फोन घेऊन फिरताहेत. उमेदवाराच्या भाचेसुनेची आईच बिनकागदाची निघाली तर रविवारी काय होईल, तूच सांग. शनिवारी सकाळी नऊला सीमेची बस आहे. तिला बसवून दे. मार्चमध्ये मी स्वतः बोलावतो.

अर्लेनने तीन ओळी पलीकडे पाहिलं. आईची पाठ दिसत होती, आणि पानांत जाऊन येणारे हात.

"विचार करते, मामा," ती म्हणाली.

"विचार शनिवारी नऊपर्यंतच कर."

*

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडण झालं. माइनोर मामावर चिडला होता आणि ओदिली माइनोरवर. गेल्या वर्षी सीमेवर तोडणाऱ्यांना तीन आठवडे अडवून ठेवलं होतं, तेव्हा पिकून गळलेल्या फळांचा सडा झाडांखाली कुजत होता. माइनोर, त्याची आई आणि चार महिन्यांची पोटुशी अर्लेन, तिघांनी मिळून सगळा उतार तोडला होता. माइनोर म्हणत होता, मामा चाळींना कुलपं लावणार म्हणजे आपल्याच तोंडाला लावणार. ओदिली म्हणत होती, माझा भाऊ आहे तो, आणि त्या रांगेत पहाटे माझेही गुडघे आखडलेत.

"तुला मामाला मत द्यायचं नसेल तर देऊ नकोस," ती शेवटी म्हणाली, "पण माझ्या चुलीपाशी बसून त्याला नावं ठेवू नकोस."

अर्लेन कोपऱ्यात पोरीला पाजत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. पोरीची इवलीशी मूठ तिच्या गळ्याशी उघडत होती, मिटत होती. उजव्या बाजूचं दूध संपलं तशी तिने पोर डावीकडे घेतली. दारातून चाळीची पडवी दिसत होती. तोडणारे अकरा जण ओळीने बसून भात-घेवडा खात होते, निळ्या काठाच्या पत्र्याच्या ताटल्यांतून. त्या ताटल्या मजुरांच्या. घरातल्या पांढऱ्या. कुणी कधी तसं ठरवलेलं नव्हतं, पण मिसळतही नव्हत्या. निळ्या काठाला कुठे टवका उडालाय, कुठली ताटली तळाशी डुगडुगते, हे अर्लेनला डोळे मिटून सांगता आलं असतं. नऊ वर्षांच्या वयापासून ती त्यातच जेवली होती.

जेवण झाल्यावर ती अंगण ओलांडून गेली. आई दगडावर बसून सोलवटलेल्या कमरेला चरबी चोळत होती. टोपलीच्या पट्ट्याने तिथली कातडी जाड, काळपट झाली होती. अर्लेनने फुल्विओमामाचं सगळं सांगितलं. पत्राचं आधी, बसचं नंतर. आपला आवाज अर्ज वाचून दाखवताना असतो तसा लागलाय हे तिला ऐकू येत होतं.

सोकोरोने मळलेला हात फडक्याला पुसला.

"किती वाजता सुटते?"

"नऊला."

"बरं," ती म्हणाली. "मग पिशवी शुक्रवारीच भरून ठेवते." आणि थोड्या वेळाने, "पोरीच्या अंगात उद्या लोकरी घाल. वारा वाढणार आहे."

*

बुधवारी तोड लवकर थांबवून अर्लेन फुल्विओबरोबर ला लोमात गेली. आई शनिवारी जाईल, असा शब्द तिने जीपमध्ये बसतानाच त्याला दिला. पोर पाठीशी बांधलेली. वस्ती उताराच्या टोकाला, घरं लाकडी, प्रत्येक दारात जास्वंद. फुल्विओ प्रत्येक घरी हात मिळवायचा, पोराबाळांची नावं विचारायचा आणि पुढच्या दारापर्यंत विसरायचा.

याहोस्का नावाची बाई होती, नखं-केस करायचं छोटं दुकान चालवणारी. ती म्हणाली, डॉन फुल्विओ, माझं मत घ्या. आम्ही आलो तेवढे पुरे. नवे येतात ते निम्म्या भावात काम करतात, मग आम्हाला कोण विचारतो? अर्लेन तिच्याकडे बघत राहिली. चार वर्षांपूर्वी याहोस्काच्या भावाचा अर्ज तिने भरून दिला होता. तो भाऊ अजून सीमेपलीकडेच अडकलेला होता. याहोस्कालाही ते आठवलं असावं. तिने पोरीचा पाय हातात घेऊन उगीच गोंजारला.

म्हातारा डॉन क्रिसांतो मात्र उठलाही नाही. खुर्चीत बसूनच त्याने फुल्विओला नखशिखांत न्याहाळलं.

"चाळीला कुलूप लावणार म्हणे तुम्ही."

"बिनकागदवाल्यांच्या."

"मी पस्तीस वर्षांपूर्वी आलो, तेव्हा माझ्याकडे कागद होता असं वाटतं तुम्हाला?" मग तो अर्लेनकडे वळला. "तुझी आई काय म्हणते गं यावर?"

फुल्विओ घाईने म्हणाला की ती आता तिकडे निकाराग्वातच असते. अर्लेन पाठीवरच्या पोरीची गाठ आवळत राहिली. डॉन क्रिसांतोचा मुलगा मळ्याच्या चाळीत सोकोरोच्या शेजारच्या बाजेवर झोपत होता, त्याच मळ्यात तोडत होता. म्हाताऱ्याने मान हलवली आणि पोरीला बघून डोळा मारला.

परतीच्या वाटेवर फुल्विओ बोटांवर मोजत होता. चौपन्नातली एकवीस पक्की, म्हणाला. तू शुक्रवारी बोललीस की तीस. त्याने जीप थांबवून तिला एक दुमडलेला कागद दिला, शाळेच्या शिक्षिकेने सुवाच्य अक्षरात लिहिलेला. तिने वाचला. मी नियमाने आले. तिने तो स्वेटरच्या खिशात ठेवला आणि उतरताना खिशावर हात ठेवूनच उतरली, कागद पोरीने ओढू नये म्हणून.

*

गुरुवारी दुपारी माप होतं. माइनोर गावात कॉफी पोचवायला गेलेला. मापाला उभी होती अर्लेन, पण जीप आली आणि फुल्विओ उतरला. बरोबर ती शिक्षिका, फोन घेऊन. उमेदवार कॉफी मोजतोय, असे फोटो हवे होते. अर्लेनने डबा सोडून दिला. तिला वाटलं, चार फोटो काढतील आणि जातील.

तोडणारे रांगेत उभे होते, टोपल्या कमरेवर, अंगाला कॉफीच्या सालीचा आंबूस वास. पहिल्याची टोपली फुल्विओने हसत डब्यात ओतली. दुसऱ्याची. तिसरी सोकोरो. तिने टोपली उचलून स्वतःच डब्यात उपडी केली. फळं डब्याच्या काठापर्यंत आली आणि वर ढीग राहिला. पूर्ण माप.

आणि फुल्विओने पायाने डब्याला हलकीच ठोकर मारली.

मुद्दाम नसेलही. त्याच्या बापाच्या मळ्यावर तसंच चालायचं. बोलता बोलता, दुसरीकडे बघत, बूट सवयीने जाऊन लागायचा. ठोकर लागली की फळं बसतात. ढीग उतरला, काठाखाली चार बोटं खड्डा पडला. पूर्ण माप अपुरं झालं.

रांगेतल्या सगळ्यांचे डोळे त्या खड्ड्यावर गेले. वाऱ्याने चाळीचा पत्रा वाजला.  अठरा वर्षांत या मळ्यावर कुणी डबा हलवलेला अर्लेनने पाहिला नव्हता. डॉन आबेलच्या वेळी हलवला असता तर त्यांनी भरलेला डबा परत टोपलीत ओतून पुन्हा मोजला असता.

 सोकोरोने डब्याचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि तशीच उभी राहिली. डबा सोडेना. फुल्विओ म्हणाला, "चला, पुढचा." ती हलली नाही. मग त्याने खाली पाहिलं. शिक्षिकेने फोन खाली घेतला.

"थोडं कमी आहे," फुल्विओ म्हणाला. "तोडीच्या शेवटी होतंच असं. पुढच्या टोपलीत भरून निघेल."

अर्लेनने बोलावं असं सगळ्यांना वाटत होतं. तिला ते अंगावर जाणवत होतं, ऊन जाणवावं तसं. तिच्या खिशात तो कागद होता. पत्र, परवाना, मार्च. तिने तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं ते एवढंच, "आई, सोड."

सोकोरोने डबा सोडला. रिकामी टोपली उचलून ती बाजूला झाली, पट्टा सोडला आणि कमरेवर हात ठेवून उताराकडे बघत उभी राहिली. त्या संध्याकाळी ती चाळीत जेवली नाही. पोट भरलंय म्हणाली.

ओदिली हे सगळं न्हाणीच्या कट्ट्यावरून बघत होती. तिने भावाला हाक मारून कॉफीला थांब म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

*

शुक्रवारी सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. पुढे रांगवाले, दुकानदार, शिक्षक. मधे मळेवाले, टोप्या मांडीवर. मागे ला लोमाचे लोक, न्हाऊनधुऊन आलेले. उघड्या दारात, पायरीवर, काही तोडणारे उभे होते. कॉफी आणि पाव वाटणार म्हणून आले होते. मत नव्हतं, म्हणून आत कुणी बोलावलं नव्हतं. त्यांत सोकोरो. डोक्याला रुमाल, हातात पाव, न खाल्लेला.

फुल्विओ छान बोलला. रांगेत पडलेल्या म्हातारीचं सांगितलं तेव्हा पुढच्या खुर्च्यांतून माना हलल्या. मळेवाल्यांना म्हणाला, हात मिळतील, पण मोजलेले. मग अर्लेनचं नाव घेतलं. आपली सून, आपली मुलगी, नियमाने आलेली.

ती पोरीला कडेवर घेऊन वर गेली. माइक तिच्या उंचीला खाली करायला कुणाला सुचेना, म्हणून तिनेच तो वाकवला. कागद उघडला. पोरीने त्याचं टोक पकडून तोंडात घातलं. पुढच्या रांगेत कुणी हसलं, आणि त्या हसण्याने तिला अर्धा क्षण मिळाला.

"या कागदावर लिहिलंय की मी नियमाने आले," ती म्हणाली. "मी नऊ वर्षांची होते. आईचा हात धरून डोंगरातून आले, दोन दिवस. कागद नंतर मिळाला. माझ्या सासऱ्यांनी पत्र दिलं म्हणून मिळाला. ही माणसं माझ्याकडे राहतात, माझ्याकडे काम करतात, एवढंच होतं त्या पत्रात." तिने पोरीचं वजन दुसऱ्या कडेवर घेतलं. "फुल्विओमामा मला म्हणालेत की तसंच पत्र ते नगरपालिकेतून माझ्या आईला देणार आहेत. ती बघा, दारात उभी आहे, डोक्याला रुमाल बांधलेली, ती माझी आई. मला मामांना सगळ्यांसमोर एवढंच विचारायचंय. तिला देणार, तर तिच्या शेजारच्या ओळीत तोडणाऱ्यांना देणार का?"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. सोकोरोने पाव दुसऱ्या हातात घेतला. पायरीवरून मागे सरकली नाही.

फुल्विओचा चेहरा अर्लेनला एका बाजूने दिसत होता.  तो सभागृह मोजत होता, हे तिला कळलं. पुढच्या खुर्च्या, मधल्या टोप्या, मागच्या बायका. डॉन क्रिसांतो काठीवर हनुवटी टेकून त्याच्याकडेच बघत होता.

"देणार," फुल्विओ म्हणाला. मग मोठ्याने, माइक स्वतःकडे ओढून, "ज्याच्यासाठी मळेवाला उभा राहील त्या प्रत्येकाला पत्र. नोव्हेंबरच्या आत. आणि पत्रवाल्यांसाठी दवाखान्यात वेगळी खिडकी, रोज, नुसती रविवारी नाही. म्हणजे तुमची रांग निम्म्यावर येईल."

पुढच्या रांगेतली एक दुकानदारीण पर्स उचलून निघून गेली. तिच्यामागे आणखी दोघं. पण बाकीचे बसून राहिले, कुणी म्हणालं की खिडकी खरंच वेगळी होणार असेल तर चालेल. मागे याहोस्काने आधी टाळी वाजवली. मग सगळी ला लोमा.

उतरताना फुल्विओने तिचा दंड धरला, हसऱ्या तोंडाने, लोकांना दिसेल असा.

"तू मला तारलंस की बुडवलंस ते रविवारी कळेल," तो पुटपुटला. "आणि बस उद्या नऊला आहे. ते तसंच आहे."

*

शनिवारी सकाळी सहाला सोकोरो पिशवी घेऊन चाळीच्या दारात बसलेली होती. केस विंचरलेले, चपला पुसलेल्या. अर्लेन आली, पोर आईच्या मांडीवर ठेवली आणि पिशवी उचलून आत नेली. आतल्या खिळ्याला अडकवली.

"मी त्यांना शब्द दिला होता, जाईन म्हणून," सोकोरो म्हणाली.

"तू नव्हता दिला. मी दिला होता. मीच परत घेतला."

"पत्र द्यायचे नाहीत मग ते."

"नाही दिलं तर नाही." अर्लेन आईसमोर उकिडवी बसली. "परवा मी तुला डबा सोड म्हणाले, आई."

सोकोरोने नातीच्या केसांत बोटं घातली.  मग म्हणाली, "मीसुद्धा एकदा तुला असंच सोड म्हटलं होतं. सीमेवर, तुझी बाहुली. शिपाई ओढत होता." आणि उठून टोपलीचा पट्टा कमरेला आवळायला लागली.

दहाच्या सुमाराला रस्त्यावर एक अनोळखी गाडी थांबली, आतल्या माणसाने उताराकडे फोन धरून फोटो काढले. सोकोरोने पाठ फिरवली नाही. रविवारी सकाळपर्यंत तो फोटो सगळ्या परगण्याच्या फोनांवर होता. फुल्विओ ओदिलीला फोनवर ओरडत असताना ते स्वयंपाकघरभर ऐकू येत होतं. ओदिली शेवटपर्यंत ऐकून घेत होती आणि दुसऱ्या हाताने तव्यावरची तोर्तिया, मक्याची भाकरी, उलटत होती. मग म्हणाली, "फुल्विओ, आबेलच्या मळ्यावर डबा कुणी हलवत नाही," आणि फोन ठेवून दिला.

शाळेच्या वर्गात, पोरांच्या चित्रांखाली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे अर्लेन उभी राहिली. हातात मतपत्रिका आणि खूण करायचा रंगखडू. बाहेर माइनोर पोरीला घेऊन थांबलेला, पोर रडत होती, आणि त्या रडण्याबरोबर अर्लेनचा झगा पुढून ओला होत होता. तिने खूण केली, घडी घातली, पेटीत टाकली. कुणाला केली ते तिने माइनोरला सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

फुल्विओ एकोणीस मतांनी निवडून आला. ला लोमातून चौपन्नपैकी त्रेचाळीस.

*

रविवार मतदानात गेल्यामुळे शेवटच्या दोन ओळी सोमवारवर आल्या. साडेअकराला एकच झाड उरलं. तोडणारे आपापल्या जागी थांबले. या वेळी सगळेच मागे राहिले, आणि झाड सोकोरोसमोर उरलं. तिने आजूबाजूला पाहिलं. कुणी पुढे येईना. डॉन क्रिसांतोचा मुलगा टोपलीवर हात ठेवून आभाळ बघत होता.

तिने तोडलं. सावकाश, वरच्या फांदीपासून, एकही दाणा न ठेवता. फडकं द्यायला ओदिली चढून आली होती, धापा टाकत, गुडघे धरत. तिच्या हातात घराच्या फाटकावरचा जांभळा-पांढरा झेंडा होता. काठी काढून टाकलेला, नीट घडी घातलेला.

"दुसरं फडकं धुतलेलं नाही," ती म्हणाली.

सोकोरोने तो झाडाला बांधला. मग ओदिली म्हणाली, चल जेवायला. सोकोरोने पट्टा सोडला, आणि पहिल्यांदाच ओदिलीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "हे सगळे येणार असतील तर येते."

म्हणून अकराही जण घरात आले. वाऱ्याने अंगणात बसवतही नव्हतं. टेबलाभोवती, बाकांवर, कोपऱ्यात पोत्यांवर. घरातल्या सगळ्या पांढऱ्या ताटल्या निघाल्या. सोकोरो डॉन आबेलच्या खुर्चीत, नुसती टेकल्यासारखी, नात मांडीवर. केळीच्या पानात उकडलेले मक्याच्या पिठाचे तमाल, भात-घेवडा, गुळाचं ऊन पाणी. सुरुवातीला सगळे आपापल्या ताटलीतच बघत होते. मग याहोस्काच्या नखांच्या दुकानावरून कुणीतरी टोमणा मारला आणि घर हसलं.

तेवढ्यात जीप चढण चढून आली. भोंगे नव्हते. नवा महापौर बहिणीला भेटायला आलेला, रीतीप्रमाणे. तो दारात आला, टोपी काढली आणि तिथेच थबकला. खोलीतलं हसू खाली बसलं.

"ये, फुल्विओ," ओदिली म्हणाली. "अभिनंदन. बस, वाढते."

बाकावर माइनोर सरकला तेवढी जागा झाली, सोकोरोच्या समोर. ओदिली मांडणीकडे गेली. पांढरी एकही उरली नव्हती. तिने खालच्या फळीवरची काढली, एप्रनने पुसली, भात वाढला, घेवडा वाढला, आणि भावापुढे ठेवली. निळ्या काठाची. तळाशी डुगडुगणारी.

फुल्विओने ती बघितली. लहानपणापासून तो या घरात येत होता. कुठली ताटली कुणाची ते त्याला सांगावं लागणार नव्हतं. त्याने बहिणीकडे पाहिलं. ती तमालावरचं पान सोडत होती, पाठमोरी.

अर्लेन उठली. फळीवरून वही घेतली आणि त्याच्या ताटलीशेजारी ठेवली. शाळेची चौकटीची वही, कडेला कॉफीचे डाग. पहिल्या पानावर अकरा नावं, आडनावं, गावं, किती हंगाम तोडलं ते. खाली माइनोर उरेन्याची सही, मळेवाला म्हणून. दुसरं पान शेजारच्या मळ्याचं. तिसरं त्याच्या पुढच्या. शनिवारी रात्रीपर्यंत आणि रविवारी दूध पाजता पाजता तिने तेवढंच केलं होतं.

फुल्विओने पानं उलटली.

"हे बघ," तो म्हणाला, "सभेत मी म्हणालो ते एकूण धोरण म्हणून. सगळ्यांचंच एकदम नाही जमत. आधी दोनचार, मग बघू..."

 ताटली त्याच्या कोपराच्या धक्क्याने डुगडुगली, आणि घेवड्याचा रस निळ्या काठापर्यंत येऊन थांबला.

"डॉन फुल्विओ," सोकोरो म्हणाली. तिचा आवाज त्या घरात इतका सरळ कुणी ऐकला नव्हता. नातीची मूठ तिच्या रुमालात अडकली होती, ती सोडवत सोडवत ती बोलली. "गुरुवारी डबा भरलेला होता. आजही भरलेला आहे. या खेपेला पाय लावू नका."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घातली, वही जवळ ओढली आणि शर्टाच्या खिशातलं पेन काढलं. ओदिलीने त्याच्यापुढे तमाल ठेवला.

"आधी सही कर," ती म्हणाली. "मग जेव. तेवढ्यात गार नाही होत."